पुढे जा, रद्द करा

निवृत्तीच्या दिवशी मला हार पडला, भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं, आणि कॉलेजच्या ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी "राव सार गेल्यावर हे ऑफिस कसं चालणार" म्हणून चिंता व्यक्त केली. दुसऱ्या दिवसापासून ते ऑफिस व्यवस्थित चालू लागलं. माझ्या संगणकाच्या नशिबी तेवढंसुद्धा नव्हतं. एका सकाळी वीजबिल भरायला बसलो तर पडद्यावर पाटी: तुमच्या या विंडोजची देखभाल आता संपली, आणि नवी विंडोज घेण्यास तुमचं यंत्र पात्र नाही.

पात्र नाही! अख्खी नोकरी मी लोकांच्या अर्जांवर 'अपात्र' लिहिण्यात घालवली, पण आमच्या घरातल्या कुणाला उलट कुणी तसं लिहील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. अपमान संगणकाचा होता, पण लागला मला.

ही गोष्ट मी माझ्या मुलीला, हरिप्रियाला सांगितली, ही पहिली चूक. ती चेन्नईला असते. दर रविवारी ती आणि माझी नात कीर्तना मोठ्या पडद्यावर माझ्यासमोर येऊन बसतात. फोनवर बोलता येतं, पण फोनवर कीर्तनाचं नाक तेवढं दिसतं, आणि मला अख्खी नात बघायची सवय आहे. कीर्तनाला आमची मराठी सगळी कळते, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देते.

"अप्पा, हे असंच एकेक होणार," हरिप्रिया म्हणाली. "आज कंप्युटर, उद्यां मोटर, परवां गॅस. एकटे कशास राहतां तिथं? अस्कं सगळं आवरून चेन्नईस यावा."

तिची आई, माझी नागलक्ष्मी, गेल्यापासून आमचं प्रत्येक बोलणं या चेन्नईच्या स्टेशनावर येऊन थांबतं. चेन्नईला मुलीचा फ्लॅट आहे, त्यात माझ्यासाठी एक खोली आहे, त्या खोलीला एक खिडकी आहे आणि खिडकीसमोर दुसऱ्या फ्लॅटची भिंत आहे. तंजावूर सोडून ती भिंत बघायला मी का जावं?

"मला काहीं धाड भरली नाहीं," मी म्हटलं. "हा कंप्युटर मी एकटा सारखा करीन. येत्या रविवारीं बघ."

"एकट्यानं केलांत तर वर्षभर चेन्नईचं नांव काढणार नाहीं," ती म्हणाली. "नाहीं जमलं तर पोंगलनंतर सामान बांधायचं. सेरी?"

"सेरी," मीही तमिळमध्ये 'ठीक' म्हणून टाकलं. ही दुसरी चूक.

आमची गल्ली राजवाड्यामागची. इथे सल्ला मागावा लागत नाही. तुमच्या घरी काही बिघडलंय हे दाराच्या कडीवरून कळतं की काय कोण जाणे, पण तासाभरात समोरचे सुब्रमण्यम आले. बँकेतून निवृत्त, पायात कायम चप्पल घालून तयार. त्यांच्या मते जगात विंडोज सोडून बाकी सगळं थोतांड.

"राव सार, सरळ नवा घ्या," ते तमिळमध्ये म्हणाले. "विंडोजमध्ये सगळं डोळ्यांना दिसतं. कागद दिसतो, तो माऊसने धरायचा, टोपलीत टाकायचा. वर ते विचारतं, नक्की टाकू का? किती मर्यादशीर!"

मर्यादशीर खरंच. आमची विंडोज मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. सुब्रमण्यमही तसेच आहेत, कॉफी घेणार का म्हटलं की घेणार म्हणतात आणि मग साखर घातली का, नक्की घातली का, ढवळली का, असं विचारत पितात.

मग गल्लीतलेच माझे चुलत साडू अनिरुद्धराव मला त्यांच्या घरी घेऊन गेले. त्यांच्या मुलाने अमेरिकेहून अ‍ॅपलचा संगणक पाठवलाय. तो जरीकाठाच्या रेशमी फडक्याखाली असतो. फडकं बाजूला सारलं की खाली चित्रांची ओळ दिसते, आणि माऊस वरून नेला की एकेक चित्र फुगतं. अनिरुद्धराव ती चित्रं फुगवून दाखवतात. त्यापलीकडे त्या यंत्राचं ते काही करत नाहीत, मुलाचे फोटो बघतात आणि फडकं घालतात. मी फोटो बंद करायला म्हणून उजव्या कोपऱ्यात गेलो तर तिथे काहीच नाही. बंद करायचं बटण डावीकडे!

"डावीकडे मीठ, लिंबू, चटणी वाढतात," मी म्हटलं. "बटण कुणी वाढतं का?"

"ज्याच्या त्याच्या घरची रीत," अनिरुद्धराव गंभीरपणे म्हणाले आणि माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला.

शेवटी आल्या मंगला अक्का. गल्लीच्या टोकाला राहतात, माझ्याहून वयाने मोठ्या. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी संगणक शिकवला तो काळ असा, की पडद्यावर चित्रच नसायचं. काळा पडदा आणि त्यावर टाईप केलेली अक्षरं. चित्रं आली तेव्हापासून विद्या बुडाली असं त्यांचं ठाम मत आहे.

"चित्रं कशास पाहिजेत रे शेषगिरी?" त्या म्हणाल्या. "लेकीस बोलावायचं झालं तर तिचं चित्र काढून त्यावर बोट ठेवतोस, की हाक मारतोस? हाक मार. यंत्र ऐकतें."

त्यांनी मला एक पेनड्राइव्ह दिला. त्यात लिनक्स होतं, फुकटचं, म्हाताऱ्या यंत्रांनाही पात्र समजणारं. "विचारील तें सांग आणि कंटिन्यू दाबत जा. अडलंस तर मी आहे," असं म्हणून त्या भाच्याच्या मुंजीसाठी कुंभकोणमला निघून गेल्या. शुक्रवारी परत येणार. आणि फोनवर विचारायचं नाही. फोनवर कमांड सांगणं आणि फोनवर मुंज लावणं त्यांना सारखंच अमंगळ वाटतं.

आता मी जे केलं ते तंजावूरबाहेरच्या माणसाने कधी केलं नसतं. पेनड्राइव्ह लावला, यंत्र सुरू झालं, आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला: भाषा कोणती? यादी लांबलचक होती. तमिळ होती, इंग्रजी तर चार-पाच प्रकारची होती, आणि मध्येच देवनागरीत, अगदी साधेपणाने, 'मराठी' लिहिलेलं होतं.

तुम्ही पुण्याचे असाल तर तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण आमचं घराणं इथे आलं त्याला शतकं झाली. तेव्हापासून कुठल्या खिडकीवर, कुठल्या बसच्या पाटीवर, कुठल्या अर्जात आम्हाला कुणी मराठीत काही विचारलेलं नाही. आणि आज जणू दारात उभं राहून कुणीतरी ओळखीच्या माणसासारखं विचारलं, मराठी का हो? नागलक्ष्मी गेल्यापासून घरात माझ्याशी सोमवार ते शनिवार कुणी मराठी बोलत नाही; मंगला अक्का आणि अनिरुद्धराव बोलतात, पण अक्का फक्त यंत्रांबद्दल आणि ते फक्त मुलाबद्दल. मी 'मराठी' दाबलं आणि मग मंगला अक्कांनी सांगितल्याप्रमाणे कंटिन्यू, कंटिन्यू करत गेलो.

अडचण एवढीच होती की मला देवनागरी वाचता येत नव्हती. आमच्या गल्लीत कुणालाच येत नाही. आम्ही मराठी बोलतो आणि तमिळ अक्षरांत लिहितो. 'मराठी' एवढा शब्द ओळखता येतो, कारण तो समाजाच्या मंडळाच्या पाटीवर आहे. घरात देवनागरी वाचणारी एक नागलक्ष्मी, तिने लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या. काही आलं की मी तिच्यापुढे धरायचो.

यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा पडदा सुंदर होता आणि त्यावरचं एक अक्षर मला कळत नव्हतं.

सुब्रमण्यमना हाक मारली. ते म्हणाले, "भाषेचं काय काम? चित्रं आहेत ना! चित्रांना भाषा नसते." विंडोजमध्ये अमुक चित्र अमुक कोपऱ्यात असतं या हिशेबाने त्यांनी माऊस फिरवला. पण हे घर वेगळं होतं, स्वयंपाकघर होतं तिथे इथे न्हाणीघर. फिरता फिरता त्यांना हात पसरून उभ्या असलेल्या माणसाचं चित्र सापडलं.

"हा माणूस म्हणजे मालक. मालक म्हणजे तुम्ही, राव सार. सगळ्या चाव्या इथेच असणार," असं म्हणून त्यांनी त्या माणसाखालची दोन-तीन बटणं पटापट सरकवली.

अक्षरं एकदम विटेएवढी झाली, आणि संगणक बोलू लागला.

"बटण. पुढे जा. बटण. रद्द करा," असा एक पुरुषी आवाज खणखणीत मराठीत म्हणाला. उच्चार एखाद्या गोऱ्या पाद्र्याने मराठी शिकावी तसे. माऊस हलवला की बोले, कळ दाबली की बोले. तो हात पसरलेला माणूस म्हणजे मालक नव्हता, तो ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्या सोयीसाठी होता, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. चित्रांना भाषा नसते, म्हणूनच ज्याला जी वाटेल ती भाषा तो त्यांच्या तोंडी घालतो.

मग अनिरुद्धरावांना आणलं. त्यांच्या पूर्वजांनी राजांकडे दप्तर सांभाळलं असं ते प्रत्येक लग्नात सांगतात. ते चष्मा पुसून पडद्यापुढे बसले, बराच वेळ बसले, आणि उठले.

"आमच्या घराण्यांत मोडी होती," ते म्हणाले. "देवनागरी आम्हीं मुद्दाम नाहीं शिकलों."

मोडी तरी त्यांना येते का, हे मी विचारलं नाही. साडूपणालाही काही मर्यादा असते.

दुसऱ्या दिवशी पडद्याचा फोटो काढून मी जुनी कागदपत्रं जतन करणाऱ्या एका कचेरीत गेलो. नाव सांगत नाही. तिथे मराठी वाचणारे एक गृहस्थ आहेत असं कळलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, कागदाचं वय काय? मी म्हटलं, कालचा. त्या म्हणाल्या, शंभर वर्षांच्या आतलं आमच्याकडे येत नाही. मी म्हटलं, शंभर वर्षं थांबायची माझी तयारी आहे, पण रविवार थांबणार नाही. त्यांनी अतिशय सभ्यपणे मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ते गृहस्थ रजेवर असल्याचं सांगितलं. मीही आयुष्यभर लोकांना असंच पाणी दिलंय, त्यामुळे ते पिऊन उठलो.

एव्हाना गल्लीभर बातमी झाली होती की राव सारांकडे महाराष्ट्रातून पाहुणे आलेत. फुलवालीने दारातच विचारलं, "मोठ्या आवाजाचे आहेत ना? किती दिवस राहणार?" मी म्हटलं शुक्रवारपर्यंत. तिने पाहुण्यांच्या देवपूजेसाठी म्हणून एक वीत फुलं जास्त मोजली, आणि मी ती घेतली. नागलक्ष्मीच्या फोटोला त्या आठवड्यात हार जरा लांब पडत होता.

सुब्रमण्यम सकाळी यायचे, नवं बटण दाबून बघायचे, काहीतरी नवं बिघडायचं, कॉफी व्हायची. अनिरुद्धराव संध्याकाळी येऊन सकाळी काय बिघडलं याची पाहणी करायचे, पुन्हा कॉफी व्हायची. दोघं एकमेकांची यंत्रं नावाजत भांडायचे, आणि मी मधे बसून दोघांना लिनक्सचा मालक म्हणून उत्तरं द्यायचो. मला दूध जास्त सांगावं लागलं. सगळे गेले की मी जेवायला बसायचो आणि तो आवाज बंद करायचा प्रयत्नही करायचो नाही. करता येत नव्हता हे खरं, पण आला असता तरी केला नसता. हाताने कळ दाबून ठेवायचो आणि घास घ्यायचो. "पुढे जा," तो म्हणायचा. "हं," मी म्हणायचो. "रद्द करा." "बरं." घरात कुणीतरी मराठी बोलत होतं आणि मला ते बरं वाटत होतं, यात लपवण्यासारखं काय आहे? माणूस एकटा असला की त्याला आवाजाचा उच्चार शुद्ध असायलाच हवा असं राहत नाही.

आणि एक झालं. विटेएवढी अक्षरं समोर, तेच शब्द कानात. दोन्ही जुळवता जुळवता मला अक्षरं लागायला लागली. शुक्रवारी सकाळी 'रद्द' मी त्याच्या आधी म्हणालो. हे सगळं मी आज देवनागरीत लिहितोय ती त्या आठवड्याची कमाई. माझी मराठी जरा पुस्तकी वाटत असेल तर दोष त्या यंत्राचा आहे.

शुक्रवारी संध्याकाळी मंगला अक्का मुंजीचे लाडू घेऊन आल्या. यंत्र त्यांना बघून "बटण" म्हणालं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"मराठी कोणी दाबटलं?"

कॉफीला बसलेल्या सुब्रमण्यम आणि अनिरुद्धरावांनी माझ्याकडे बघितलं.

त्या यंत्राला हात लावायला तयार नव्हत्या. "तुझं घर, तुझे हात," म्हणाल्या. मागे उभ्या राहून त्यांनी मला तीन कळा एकदम दाबायला सांगितल्या. एक काळी खिडकी उघडली. त्यात ना चित्र, ना बटण, ना मराठी, ना तमिळ. नुसती एक लुकलुकणारी रेघ.

"हें विंडोजपासून अ‍ॅपलपर्यंत सर्वांच्या पोटीं आहे," अक्का म्हणाल्या. "वर चित्रांची रांगोळी. खालीं हें." अनिरुद्धरावांना ते अजिबात आवडलं नाही. आपल्या यंत्राच्या पोटात असलं काही नाही असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

अक्का एकेक अक्षर सांगत गेल्या, मी उमटवत गेलो. अर्थ एवढाच होता की, बाबा, उद्यापासून इंग्रजी बोल. मग त्याने पासवर्ड विचारला. यंत्र बसवताना रिकाम्या चौकटीत टाकलं होतं तेच, नागलक्ष्मीचं नाव, मी टाईप केलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. पुन्हा केलं, काही नाही. मी कळफलक आपटला.

"दिसणार नाहीं," अक्का म्हणाल्या. "दिसत नाहीं म्हणून नाहीं असं नव्हे. पुसून पुन्हां सावकाश लिही आणि एंटर दाब."

मी सावकाश लिहिलं. न दिसणारं ते नाव त्याने घेतलं. पुढे काहीच झालं नाही. ना शाबासकी, ना 'नक्की का?', खाली पुन्हा तीच लुकलुकणारी रेघ.

"कांहींच बोललं नाहीं," मी म्हटलं.

"तेंच तर. चुकलं असतं तर बोललं असतं. बरोबर असलं कीं हें गप्प राहतें."

मला एकदम भरून आलं. सुब्रमण्यमना वाटलं लाडू घशात अडकला. नागलक्ष्मी अशीच होती. आमटीला मीठ कमी म्हटलं, बिल भरलं म्हटलं, बाहेर जाऊन येतो म्हटलं, आतून काही आवाज नाही आला म्हणजे सगळं ठीक. माझं काही चुकलं तरच ती बोलायची. गेली दोन वर्षं घर गप्प आहे, आणि सगळं ठीक आहे म्हणून गप्प आहे की ऐकायला कुणी नाही म्हणून, हे मला ओळखता येत नव्हतं.

यंत्र बंद करून सुरू केलं. सगळं इंग्रजीत. आवाजही अक्कांनी आणखी एका ओळीने बंद करवला. दोघा शेजाऱ्यांनी आपल्यामुळेच झालं अशा चेहऱ्याने माझं अभिनंदन केलं, लाडू संपवले, आणि सगळे आपापल्या घरी गेले.

रविवारी हरिप्रिया आणि कीर्तना पडद्यावर आल्या, अख्ख्या. मी माऊस फिरवून दाखवला, काळी खिडकी उघडून दाखवली, दोन कमांड फेकल्या. कीर्तना "तात्ता हॅकर!" म्हणून ओरडली; तात्ता म्हणजे आजोबा.

"अप्पा, खरंच एकट्यानं केलांत?" हरिप्रिया म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडी निराशाही होती. "बरं. वर्षभर नांव काढणार नाहीं. सांगटलं म्हणजे सांगटलं."

मी जिंकलो होतो. बोलणं संपलं, पडदा रिकामा झाला, आणि तिने चेन्नईचं नाव काढलं नाही म्हणून बोलणं नेहमीपेक्षा लवकर संपलं हे माझ्या लक्षात आलं.

सोमवारी सुब्रमण्यम आले नाहीत. कशाला येतील? बिघडलेलं काही नव्हतं. मंगळवारी अनिरुद्धराव रस्त्याने गेले, लांबूनच हात केला. जास्त सांगितलेलं दूध नासलं. फुलवालीने विचारलं, पाहुणे गेले का? मी म्हटलं गेले. तिने फुलं पुन्हा पूर्वीएवढीच मोजली.

बुधवारी संध्याकाळी मी काळी खिडकी उघडली. अक्कांनी सांगितलेली ओळ मला पाठ होती. इंग्रजीच्या जागी मराठी कसं लिहायचं हे मी स्वतः शोधून काढलं, त्याचा मला आजही अभिमान आहे. नागलक्ष्मीचं नाव लिहिलं. ते दिसलं नाही. यंत्र काही बोललं नाही, म्हणजे बरोबर होतं. बंद करून पुन्हा सुरू केलं, हात पसरलेला माणूस शोधला, त्याच्याखालचं बटण सरकवलं, आणि मग ओसरीवर जाऊन मोठ्याने हाक मारली.

"सुब्रमण्यम सार! मंगला अक्का! पुन्हा गेलं हो!"

सुब्रमण्यम चपलेनिशी तयारच होते. त्यांच्यामागून अनिरुद्धराव, ज्यांना कुणी हाक मारली नव्हती, ते आले. अक्का सर्वांत शेवटी आल्या, आणि या वेळी "ऊठ" म्हणून माझ्या खुर्चीत स्वतः बसल्या. काळी खिडकी उघडली आणि वरच्या बाणाची कळ एकदा दाबली. ती कळ दाबली की आपण आधी काय लिहिलं होतं ते यंत्र जसंच्या तसं पुढ्यात ठेवतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझी ओळ समोर आली. आजच्या संध्याकाळची, माझ्या हातची, एकही चूक नसलेली.

अक्कांनी ती वाचली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. सुब्रमण्यम मागून विचारत होते, काय झालं, नक्की काय झालं, परत तेच झालं का? यंत्र म्हणत होतं, पुढे जा.

अक्कांनी ती ओळ पुसून टाकली. त्या काहीच बोलल्या नाहीत.

मग खुर्ची मागे सारून पदर खोचला आणि म्हणाल्या, "कॉफी टाक, शेषगिरी. ह्यास वेळ लागणार."